एकशे बारा नंबरचं घर

अंथुर्णे, ता. इंदापूर
१२ जानेवारी २०२५

सौ. रोहिणीताई कुदळे यांना राजमहंमद आतार याचा सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या आईच्या शेजारी राहतो. तुमचा पत्ता तुमच्या थोरल्या बहिणीने, चंद्राबाईने दिला. फोन नंबर तिच्याकडेही नव्हता, आणि असता तरी माझ्या कामाचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी माझे कान गेले. यंत्र लावलं की समोरच्याचं कळतं, फोनवर मात्र नुसती माशी गुणगुणते. म्हणून पत्राने त्रास देतो आहे.

मी वालचंदनगरला कंपनीत चौतीस वर्षं मशीनवर होतो. केसाचा दहावा भाग मोजायचं माझं काम. राहायला कंपनीची खोली. दारावर नंबर रंगवलेला असायचा, तो आपला. कुंपण कुठवर, भिंत कुणाची, असले प्रश्न आम्हा कॉलनीवाल्यांना कधी पडलेच नाहीत. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, खोली सोडायची वेळ आली, तेव्हा मी आणि बायको सलिमा यांनी तुमच्या शेजारच्या कै. अप्पांचं घर त्यांच्या मुलाकडून, विशालकडून, विकत घेतलं. फंडाचा सगळा पैसा त्यात गेला. घेताना मी फरशीवर लेव्हलची बाटली ठेवून बघितली, काटकोन बघायला चारही कोपऱ्यांना गुण्या लावला, गच्चीवर बादलीभर पाणी ओतून उतार बघितला. खरेदीखतावरचा मिळकत नंबर तेवढा बघितला नाही. सलिमा म्हणते, नवरदेवाचे दात मोजले आणि नाव विचारायचं राहिलं.

मग गावठाणाची मोजणी निघाली. घराघराभोवती चुन्याच्या रेघा मारल्या, वरून ड्रोन फिरलं. आमच्याभोवती रेघ मारणाऱ्याला मी चहासुद्धा पाजला. नोव्हेंबरात मिळकत पत्रिका आल्या, मी नाव लावायला इंदापूरला गेलो आणि तिथे कळलं की मी राहतो ते स्लॅबचं घर एकशे बारा नंबरचं आहे. माझ्या खरेदीखतात आहे एकशे तेरा. एकशे तेरा म्हणजे पलीकडच्या दोन पत्र्याच्या खोल्या, जिथे तुमची आई सिंधुबाई आणि भाऊ संभाजी राहतात. आणि एकशे बारा, ज्यात मी हे पत्र लिहीत बसलो आहे, ते तुमच्या वडिलांच्या, कै. म्हस्कू पिसे यांच्या नावावर आहे.

चौकशी केली. चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांनी आणि अप्पांनी मारुतीपुढे नारळ फोडून घरांची अदलाबदल केली म्हणे. सगळं तोंडी. कागद कुणी केला नाही. विशालला विचारलं, का केली, तर म्हणाला, "काहीतरी वास्तुदोष होता, काका." म्हणजे वास्तूचा दोष त्यांचा आणि नंबराचा दोष माझा!

उपाय सोपा आहे. म्हस्कूरावांच्या सगळ्या वारसांनी अदलाबदलीचा दस्त करून द्यायचा. तुमची आई राजी आहे, संभाजी राजी आहे, चंद्राबाई राजी आहे. राहिलात फक्त तुम्ही. इंदापूरला अर्ध्या तासाचं काम आहे. मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येईन.

पाकिटावर तुमची दोन्ही नावं घातली आहेत, "रोहिणी, माहेरची नकोशी" अशी, म्हणजे टपालवाल्याचा घोटाळा नको. आमच्या कंपनीत ड्रॉइंगवर नवा नंबर आला तरी जुना खाली ठेवायची पद्धत होती.

आपला,
राजमहंमद आतार


काटेवाडीजवळ, ता. बारामती
२१ जानेवारी २०२५

राजमहंमदभाई, नमस्कार.

इथल्या टपाल शाखेत मीच बसते. पिशवी मीच उघडते. टपालवाल्याचा घोटाळा होऊ नये म्हणून तुम्ही काळजी घेतलीत, पण टपालवाली मीच आहे. बारामतीहून पिशवी आणणाऱ्या माणसाने तुमचं पाकीट माझ्या हातात देताना वाचलं आणि हसून विचारलं, "बाई, ही नकोशी कोण हो?" मी म्हटलं, चुकून आलंय. सतरा वर्षांच्या नोकरीत मी टपालाबद्दल पहिल्यांदा खोटं बोलले.

आता वास्तुदोषाचं. आमच्याकडे पहिली चंद्राताई. दुसरी पाळण्यातच गेली. तिसरी मी. माझं नाव नकोशी ठेवलं, म्हणजे देवाला समजावं की आता मुली पुरे. देवाचं काय होतंय हे बघायला वडील देवऋष्याकडे गेले. तो म्हणाला, "म्हस्कू, ह्या उंबऱ्याला पोरगा न्हाय." अप्पांना तीन मुलगे होते, त्यांच्या उंबऱ्याचं भय त्यांना नव्हतं. मी दीड वर्षाची असताना आमचं बिऱ्हाड चांगल्या घरातून पलीकडच्या दोन खोल्यांत गेलं. पुढच्या वर्षी संभाजी झाला.

तुम्हाला विशालने सांगितलं तो वास्तुदोष म्हणजे मी.

तुम्ही भले दिसता. पण मी त्या गावात वीस वर्षं पाऊल ठेवलेलं नाही आणि सहीसाठी ठेवणार नाही. पुन्हा लिहू नका. लिहिलंतच, तर पाकिटावर एकच नाव लिहा.

रोहिणी कुदळे


अंथुर्णे
३ फेब्रुवारी २०२५

रोहिणीताई,

पाकिटावर एकच नाव लिहिलं आहे, बघून घ्या.

तुमचं पत्र मी सलिमाला मोठ्याने वाचून दाखवलं. "वास्तुदोष म्हणजे मी" इथवर आल्यावर तिने माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही असली थट्टा लिहिली होती?" मला माफ करा. मी माणूस वाईट नाही, पण न विचारता बोलायची सवय आहे, आणि कान गेल्यापासून ती वाढली आहे.

तुमच्या पत्राने माझी एक गाठ सोडवली, ती सांगतो. तुमची आई रोज दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसते. सलिमाच्या हातचा चहा आमच्याच कपातून घेते, कधी आमच्यासाठी भाजी निवडून देते. पण आत म्हणून येत नाही. "म्हातारे, आत ये की, फॅन हाय," म्हटलं की, "न्हाय बाबा, हितंच बरं हाय." मी समजून चाललो होतो की आम्ही मुसलमान, म्हणून असेल. जुनी माणसं, असायचंच. सलिमा म्हणायची तसं नसावं, पण मी तिला गप्प करायचो. ती आमच्या घराला नाही, उंबऱ्याला भिते, हे मला तुमच्याकडून कळायचं होतं.

काल मी तिला सहज विचारलं, "धाकटी लेक कुठं असते तुझी?" ती भाजी निवडायची थांबली. "हाय की. दिलीय तिकडं," म्हणाली आणि उठून गेली. आज आली नाही.

मी हट्ट करत नाही. पण एक सांगा, नड नेमकी कसली आहे? तुम्हाला हिस्सा हवा असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, तो तुमचा हक्क आहे, आपण बोलू. संभाजी माणूस चांगला आहे. ट्रॅक्टरवर उसाच्या खेपा करतो, जाता-येता हात करतो. त्यालाही कागद सरळ व्हायला हवा आहे, कारण त्याशिवाय त्याचं घरकुल मंजूर होत नाही. त्याचीही कसली खळखळ नाही.

आमचं वय झालं. आम्हाला मूल नाही. हे घर सोडून आमच्याकडे दुसरं काही नाही, म्हणून पुन्हा लिहिलं.

राजमहंमद


काटेवाडीजवळ
२३ फेब्रुवारी २०२५

राजमहंमदभाई,

हिश्श्याचं वाचून मला आधी राग आला. मग वाटलं, ज्या माणसाला काहीच सांगितलेलं नाही त्याने आणखी काय समजायचं? म्हणून सांगते.

आमच्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सूरजनी, म्हणजे आमच्या यांनी, "रोहिणी" लिहिलं आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "चालेल का?" तोवर मला कुणी कशालाच "चालेल का" म्हणून विचारलेलं नव्हतं. पुढे मी दहावीला बसले, टपालात लागले, तेव्हा राजपत्रात रीतसर नाव बदलून घेतलं. तो छापील कागद माझ्या ट्रंकेत आहे. दोन्ही नावं त्यात शेजारी शेजारी आहेत. तुमची अडचण सोडवायला माझ्याकडून तोच कागद लागेल.

आमची प्रगती झाली तेव्हा वडील बघायला आले होते. पाळण्यात वाकले, बोट दिलं आणि यांना म्हणाले, "पाव्हणं, हिचं बी आमच्यावानीच नाव ठिवा. फुडचा पोरगा हुईल." ते चिडून नाही म्हणाले. प्रेमाने, अनुभवाचं म्हणून सांगत होते. मी पाळणा आत ओढला. त्या दिवसापासून मी माहेर संपवलं. वडील गेल्याचं चंद्राताईने कळवलं, तेव्हाही गेले नाही.

प्रगतीला मी सांगितलंय की माझ्या माहेरचं कुणी उरलं नाही. ती आता वीस वर्षांची आहे, बारामतीला कॉलेजात जाते. तिला ते नाव माहीत नाही, आजी माहीत नाही, मामा माहीत नाही. दस्तात "नकोशी म्हस्कू पिसे ऊर्फ रोहिणी" असं लिहावं लागेल. त्याच्या नकला चार ठिकाणी जातील. इंदापूर आणि बारामतीत अंतर ते काय? माझी मुलगी कुठून तरी ते ऐकेल, तर माझ्याबद्दल काय समजेल? नावाचं ती सोसेल. वीस वर्षं मी तिच्याशी खोटं बोलले, ते कसं सोसेल?

पण तुमचं घर माझ्यामुळे अडकावं हेही बरं नाही. प्रगतीची परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. तिला मी आधी सांगेन आणि मग सही करीन. तोवर थांबा.

आई आत येत नाही हे मला माहीत नव्हतं. तुम्ही दोन वर्षं उगाच मनाला लावून घेतलंत.

रोहिणी


अंथुर्णे
२९ मार्च २०२५

रोहिणीताई,

थांबतो असं लगेच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण त्याच आठवड्यात इथलं वारं फिरलं होतं. तुम्हाला कळलं तर तुम्ही सहीलाच भिऊन जाल असं मला वाटलं. लपवलं ते चुकलं. आता लपवण्यासारखं राहिलं नाही.

कुणीतरी संभाजीच्या डोक्यात भरवलं. एक दिवस तो ट्रॅक्टर दारात लावून आत आला आणि म्हणाला, "चाचा, अदलाबदलीचा दस्त कशाला? कागदावर तुमचं हाय तितं तुमी जावा, माझं हाय तितं मी येतो. ह्यात अन्याव कुठं हाय?" मी म्हटलं, अरे, तुझ्या बापाने शब्द दिला होता. तर म्हणाला, "बापानं दिलता, बाप गेला. तुमी मापाची मानसं. मापात ऱ्हावा."

कागदावर तो खरा आहे.

पुढच्या खेपेला तो टेप घेऊन आला. सलिमा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. "चाची, जरा बाजूला व्हा," म्हणाला आणि स्वयंपाकाच्या ओट्यापासून दारापर्यंत टेप धरला. तिने भाकरी तव्यावर टाकली, ती उलटायचं भान राहिलं नाही. तो गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याचं मोजलंत. आज आपलं कुणीतरी मोजून गेलं."

बारामतीला वकील गाठला. तो म्हणाला, दावा लावा, जिंकालही, बारा-पंधरा वर्षं धरा. मी एकसष्टचा आहे. विशालकडे पुण्याला गेलो, तर तो म्हणाला, "काका, कागदावर होतं तेच मी विकलं." तोही कागदावर खरा आहे. सगळेच खरे आहेत आणि आम्ही दोघं सामानाकडे बघत बसलो आहोत.

चंद्राबाईने भावाला हक्कसोड लिहून दिली. मी विचारायला गेलो, तर पदराने डोळे पुसत म्हणाली, "भाऊ हाय वो. न्हाय म्हनलं तर माहेर तुटतं. मला तरी दुसरं कोन हाय?"

तुम्ही लवकर येऊ शकाल का? तो आता ऐकेल असं नाही, पण तुमच्यासमोर कदाचित वरमेल. मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून लिहितो.

राजमहंमद


काटेवाडीजवळ
१२ एप्रिल २०२५

राजमहंमदभाई,

प्रगतीची परीक्षा सात तारखेला संपली. आठला सांगायचं असं मी ठरवलं होतं. आठला सकाळी प्रगती मैत्रिणीकडे गेली आणि दारात ट्रॅक्टर उभा राहिला.

मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो अठरा-एकोणीसचा होता. आता वडिलांसारखाच वाकून चालतो. त्याने साडी आणली होती, खण आणला होता, घरचा गूळ आणला होता. मला "ताई" म्हणाला. मी वाढलं ते जेवला, दोन भाकरी, वर ताक. भाईसाहेब, तो वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं! त्याची दोन मुलं त्या पत्र्याखाली उन्हाळ्यात अंगावर ओलं फडकं घेऊन झोपतात. हे त्याने सहज सांगितलं, रडगाणं म्हणून नाही.

मग तो कामाचं बोलला. त्याने वारसनोंदीचा अर्ज केला आहे. त्यात आई, तो आणि चंद्राताई, एवढेच. माझं नाव त्याने घातलंच नाही. म्हणाला, "ताई, तुला कुठं यायला नगो, सही नगो, काय बी नगो. नोटीस लागलीया. येकोणतीस तारखंला सुनावणी हाय. तवर तू गप ऱ्हा. तुझं ते नाव पुन्यांदा कुठं बी निघनार न्हाय, माझा शबूद हाय."

तुमचं पत्र माझ्या पाठीमागे फळीवर होतं.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मला वीस वर्षं जे हवं होतं तेच त्याने आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. मी काही केलं नाही तर ते नाव संपतं. प्रगतीला काही सांगायला नको. मी जशी आहे तशी राहते. आणि मी काही केलं नाही तर तुम्हा दोघांचं घर जातं, हे मला कळतं. त्यालाही कळत होतं, म्हणून तो माझ्याकडे न बघता ताकाच्या भांड्याकडे बघून बोलत होता.

मी "बघते" म्हटलं. तो गेल्यावर साडी घडी करून ट्रंकेत ठेवली, त्या कागदावरच.

सरळच लिहिते. मला धीर होत नाही. एका चांगल्या माणसाला उगाच आशा लावून ठेवण्यापेक्षा हे बरं. मला माफ करा.

रोहिणी


अंथुर्णे
१७ एप्रिल २०२५

रोहिणीताई,

माफी कसली मागता? तुम्ही माझं घर घेतलेलं नाही. मी नंबर न वाचता घेतलं, ही माझी करणी.

तुम्ही गप राहा. हे रागाने लिहीत नाही. रात्रभर विचार करून, सलिमाला विचारून लिहितो. ती सुरुवातीला म्हणाली, अजून एकदा विनवा. मी म्हटलं, तू असतीस तर आपल्या लेकीला सांगितलं असतंस का? आमची लेक असती तर, हे आम्ही दोघं आता बोलत नाही. सकाळी म्हणाली, लिहा त्यांना, राहू द्या म्हणावं.

आम्ही बांधाबांध सुरू केली आहे. पलीकडच्या दोन खोल्यांत आमचं कपाट मावत नाही, मी मोजून आलो. ते विकून टाकू. तुमच्या आईने चाळीस वर्षं तिथे काढली, आमची किती राहिलीत?

खरी पंचाईत तुमच्या आईची आहे. तिला हे नकोच आहे. काल ओट्यावर बसून सलिमाला म्हणत होती, "म्या न्हाय त्या घरात जायची. संभ्याला सांगून सांगून थकले. मरायला कशाला न्यायचं मला तितं?" तिचं कुणी ऐकत नाही. संभाजी म्हणतो, म्हातारीला काय कळतंय? एकोणतीसला तिला सुनावणीला न्यायचं आहे, काय बोलायचं ते तो तिला रोज घोकून घेतो. भिंतीपलीकडून सलिमाला ऐकू येतं. मला काही येत नाही, तेच बरं आहे.

तुम्हाला आणि तुमच्या लेकीला दुवा. आता उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल.

राजमहंमद


काटेवाडीजवळ
४ मे २०२५

राजमहंमदभाई,

तुम्ही त्या दिवशी इंदापूरला आला नाहीत. येऊन काय करणार, असं वाटलं असेल. म्हणून तिथे काय झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी लिहिते.

मी जाणार नव्हते. तुमचं पत्र आलं नसतं किंवा त्यात तुम्ही मला दोष दिला असता, तर गेलेच नसते. तुम्ही "गप राहा" म्हणालात आणि मला गप राहता येईना. अठ्ठावीसला संध्याकाळी ट्रंक उघडली, कागद काढला. यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी येतो." मी म्हटलं, नको, प्रगतीपाशी थांबा.

कार्यालयात बाकावर आई, संभाजी आणि चंद्राताई बसली होती. मी दारातच उभी राहिले. नोंदीच्या साहेबांनी अर्ज वाचला, आईला विचारलं, "आजी, मुलगे किती?" आई म्हणाली, "येक." "मुली किती?"

आईने संभाजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "येक. चंद्रा."

चंद्राताईने मान खाली घातली. आईची नजर दाराकडे होती. तिने मला ओळखलं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. मीही वीस वर्षांत जाड झाले, चष्मा लागला. शिकवलेलं म्हणत होती, की तिच्यापुरतं तेच खरं होतं, हेही मला कळत नाही. तुम्ही तिला रोज बघता, तुम्हाला कळतं का?

घरून मी वाक्य ठरवून गेले होते. "मी सौ. रोहिणी कुदळे, टपाल खात्यात नोकरीला आहे," असं सुरू करायचं होतं. पुढे गेले आणि तोंडातून निघालं, "साहेब, मी नकोशी. नकोशी म्हस्कू पिसे. ह्यांची धाकटी मुलगी." इतक्या मोठ्याने बोलले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. कुणी हसलं नाही. साहेबांनी कागद मागितला, मी दिला.

आई उठली. मला वाटलं, माझ्याकडे येते आहे. ती संभाजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि त्याचा सदरा धरला.

बाहेर आल्यावर संभाजी फक्त म्हणाला, "ताई, माझी पोरं पत्र्याखाली हायत." त्याचं खरं आहे.

माझी हरकत नोंदली. वारसनोंद थांबली, पुढची तारीख कळवतील. येताना एका वकिलाला विचारलं. ते म्हणाले, वाटणी होत नाही तोवर तुमचा चौथा हिस्सा म्हणजे अमुक खोली किंवा अमुक भिंत असं नसतं, तो घरभर असतो. म्हणजे मला उचलून ज्या घरातून आई-वडील बाहेर पडले, त्याच्या प्रत्येक विटेत मी आहे. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून स्टँडवर चहा प्यायले.

पण याने घर तुमचं झालं नाही, भाईसाहेब. माझंही झालं नाही, संभाजीलाही मिळालं नाही. मी सही देत नाही तोवर तुम्हाला कुणी बाहेर काढायचं नाही, एवढंच मला करता आलं. तुमचं कपाट विकलं नसेल तर विकू नका.

प्रगतीला त्याच संध्याकाळी सांगितलं. कागद पुढे ठेवला. तिने दोन्ही नावं वाचली, मग पुन्हा वाचली. माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने विचारलं, "आजी अजून आहे?" मी म्हटलं, आहे. "तिने तुला ओळखलं?"

मी हो म्हटलं. वीस वर्षांचं खोटं निस्तरायला बसले आणि पहिल्याच प्रश्नाला आणखी एक बोलले.

आता ती म्हणते, मला आजीकडे घेऊन चल. रोज म्हणते. रविवारी न्यायचं कबूल करून बसले आहे. आई राहते ते घर कागदावर तुमचं आहे, तुम्ही राहता ते कागदावर माझं आहे, आणि आईने मला मुलींत मोजलेलं नाही. अकरा तारखेला मी प्रगतीला घेऊन गावात उतरले, तर तिला कुणाच्या दारात उभी करू? तेवढं कळवा.

रोहिणी